फिरती ढाल

सावरखोलच्या बाजारआळीला ‘पूरसज्ज आळी’ची फिरती ढाल सलग तिसऱ्या वर्षी मिळाली, तेव्हा विसूभाऊ रेडिजांनी आपल्या भांड्यांच्या दुकानातलं मोठ्यातलं मोठं पातेलं काढलं आणि आळीभर शिरा वाटला. ढालीवर लाटांवर तरंगणारं एक घर कोरलेलं होतं.

“घर तरंगत नाही,” कुमुद खातूने तिथल्या तिथे सांगितलं. “तरंगलं तर ते जोत्यावरून सुटलेलं असतं. त्याचं कसलं बक्षीस?”

“खातूबाई, आता शाळा सुटली तुमची,” विसूभाऊ म्हणाले. “शिरा खा.”

शाळा सुटली होती हे खरं. आयुष्यभर मुलांना भौतिकशास्त्र शिकवून कुमुद गेल्याच वर्षी निवृत्त झाली होती. पण आळीला अजून तिचा धाक होता, आणि ढाल मिळाली होती ती त्या धाकानेच. ती हातात घेताना तिलाही बरं वाटलं होतं, हे ती नाकारत नव्हती.

कोकणात पावसाआधीच्या तयारीला आगोट म्हणतात. इतरांची आगोट म्हणजे सुकी मासळी, पापड, कौलं परतणं. बाजारआळीची आगोट याहून मोठी असे, कारण इथे पाऊस वरून यायचा तसा नदीतूनही यायचा. तांबडी नदी आळीच्या पाठीला लागून वाहते. म्हणून इथल्या प्रत्येक घराच्या तुळयांना लोखंडी कड्या आहेत. मे महिन्यात कप्प्यांना तेल पडतं, काथ्याचे दोर ताणून पाहिले जातात. इशारा आला की फ्रीज, कपाट, शिलाई मशीन, सगळं कड्यांना टांगलं जातं. गॅसचा सिलिंडर खांबाला बांधतात, नाहीतर तो तरंगत जाऊन दारं फोडतो. रिकामी पिंपं त्याच कारणासाठी पाण्याने भरून ठेवतात. संडासाच्या भांड्यात वाळूची पिशवी दाबतात, म्हणजे गटाराचं पाणी उलटं घरात येत नाही. भिंती चुन्याच्या. सिमेंटची भिंत ओल आत कोंडून ठेवते. चुन्याची भिंत पाणी पिते आणि सावकाश परत देते.

आणि शेवटी, घर सोडण्याआधी, पुढचं आणि मागचं अशी दोन्ही दारं सताड उघडायची. बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटतं. कुमुद दरवर्षी नववीच्या वर्गात हे गणित घालत असे: मीटरभर उंचीचं साचलेलं पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे पाचशे किलो वजनाइतक्या जोराने रेटतं. दार बंद ठेवलं तर तो सगळा रेटा एकाच बाजूने येतो आणि भिंत जाते. दार उघडलं तर आत तितकंच पाणी, बाहेर तितकंच पाणी. भिंत दोघांच्या मध्ये निवांत उभी राहते.

हे सगळं आळीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. त्याचे स्पर्धेत गुण मात्र ‘समतोल’ आल्यापासून मिळायला लागले.

समतोल ही सावरखोलची पूरनियंत्रण यंत्रणा. जोराचा पाऊस आणि खाडीला उधाणाची भरती एकाच वेळी आली, की तांबडीचं तोंड बंद झाल्यासारखं होतं. पाणी समुद्रात जाऊ शकत नाही, मागे तुंबत राहतं. पूर्वी ते वाट फुटेल तिकडे शिरायचं: थोडं आळीत, बरंचसं पलीकडच्या मळ्यात, जिथे तेव्हा भाताची खाचरं होती आणि आता बंगले होते. आता नदीला दोन्ही बाजूंनी उंच बांध होता आणि बांधात पोलादी झडपा होत्या. तुंबलेलं पाणी कुठेतरी सोडावं लागणारच. ते कुठे सोडलं तर नुकसान सगळ्यात कमी होईल, याचा हिशेब समतोल दर काही सेकंदांनी नव्याने करायचा आणि त्या बाजूची झडप उघडायची. त्यासाठी दरवर्षीच्या सर्वेक्षणातून प्रत्येक घराची माहिती त्याच्याकडे होती: जोत्याची उंची, भिंतीचा प्रकार, तळमजल्यावरच्या वस्तू आणि त्या किती उंच टांगतात ते. शिवाय दाराच्या चौकटीवर आतून चिकटवलेला तळहाताएवढा पांढरा डबा. तो अंगाच्या उष्णतेवरून घरात माणूस आहे की नाही तेवढं ओळखायचा. आळीत त्याला ‘पाल’ म्हणत.

ढाल मिळाल्याच्या आठवड्यात कुमुद आपली आगोट काढत होती. शिडीवर चढून ती कडी घासत होती, तेव्हा तिची नजर भिंतीवरच्या खुणांवर गेली. खातूंच्या घरात प्रत्येक पुराची उंची दगडावर कोरलेली आहे. आजोबांच्या काळातल्या खुणा कुठे गुडघ्याला, कुठे पोटरीला, विस्कळीत. समतोल आल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात पाणी कमरेपर्यंत आलं. मग आळीने सामान आणखी वर टांगायला सुरुवात केली. त्यावर जास्त गुण होते. दुसऱ्या पावसाळ्यात पाणी दोनदा आलं, दोन्ही वेळा छातीपर्यंत.

कुमुदने दोराने मोजून पाहिलं. मग तशीच खाली उतरून ती शेजारी हसीनाआपा परकारांच्या घरात गेली आणि तिथेही मोजलं.

“काय गं, माझी भिंत वाढलीय का?” हसीनाआपा म्हणाल्या. त्यांना दम्याने बोलताना मध्ये थांबावं लागे. “वाढली असेल तर ओलही वाढली. दिवाळीपर्यंत हात लावला की ओला.”

“आपा, गेल्या वर्षी तुमचा फ्रीज कुठवर टांगला होता?”

आपांनी हात वर करून दाखवलं. पाण्याची खूण त्याच्या बरोबर वीतभर खाली होती. कुमुदच्या घरातही वीतभरच. पहिल्या वर्षीही तसंच. पाणी दरवेळी टांगलेल्या सामानाच्या वीतभर खाली येऊन थांबलं होतं.

निसर्ग इतका नीटनेटका नसतो, हे तिला पक्कं माहीत होतं.

*

तिची धाकटी बहीण अनघा पेवेकर समतोलच्या नियंत्रण कक्षात अभियंता होती. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने बाहेर. रविवारी ती ताईकडे जेवायला यायची. त्या रविवारी कुमुदने तिला सोलकढी वाढली आणि विचारलं, “आमच्या आळीत पाणी सोडता ना तुम्ही?”

अनघाने वाटी खाली ठेवली.

“गणित सोडतं, ताई. आम्ही नाही.”

“गणित मला नको शिकवू.”

“मग तुला कळेलच. नुकसान कमीत कमी हवं. तुमच्याकडे पाणी छातीपर्यंत आलं तरी नुकसान जवळजवळ शून्य. सामान वर, भिंती चुन्याच्या, माणसं सगळ्यांत आधी शाळेतल्या निवाऱ्यात पोचलेली. मळ्यात वीतभर पाणी गेलं तरी सोफे, लाकडी फरशी, टीव्ही, सगळं जातं. यंत्राने काय करावं?”

“म्हणजे आम्ही तयारी केली म्हणून.”

अनघा बोटाने ताटाची कड पुसत राहिली.

“आणि जास्त तयारी केली म्हणून जास्त पाणी. चिखल काढायला किती दिवस गेले ते आहे का तुमच्या गणितात? विसूभाऊंची पाठ? आपांचा दमा?”

“त्याची किंमत काढता येत नाही.”

“म्हणून शून्य धरली?”

“ताई, तूच तर नाव दिलंस स्पर्धेत! मी म्हटलं नव्हतं देऊ. तूच घरोघरी फिरून म्हणालीस, खरं खरं सांगा, एकही वस्तू लपवू नका.”

हे खरं होतं. सावरखोलमधल्या दुसऱ्या कुठल्याही आळीने सर्वेक्षणात इतकं खरं सांगितलं नसेल. कुमुदने ताटातला भात कालवला आणि तसाच ठेवला.

“मळ्यात राहतं कोण?” तिने विचारलं.

“मी राहते.”

“तू सोडून.”

“बाकीचे मुंबई-पुण्याचे. गणपतीला येतात, मे महिन्यात येतात. एरवी कुलपं.” अनघाने मान खाली घातली. “तुला ते घर आवडत नाही, माहीत आहे मला. पण मी सात वर्षांची असताना तो पूर आला, तुम्ही मला पोटमाळ्यावर बसवलंत आणि खालून पाणी चढत होतं. मला तेव्हापासून असं घर हवं होतं जिथे आगोट करावी लागणार नाही. एक तरी कडी नसलेलं छत. एवढंच.”

*

कुमुद आणि विसूभाऊ नियंत्रण अधिकारी ढवणसाहेबांना भेटायला गेले. साहेबांनी चहा मागवला. त्यांचा आवाज मऊ होता.

“तुमची आळी सहन करू शकते, मॅडम. सगळ्यांना ते जमत नाही. गावासाठी हे तुमचं योगदान आहे, असं समजा.”

“योगदान विचारून घेतात,” कुमुद म्हणाली.

“पुढच्या वर्षी ढालीबरोबर मानपत्रही देऊ.”

बाहेर पडल्यावर विसूभाऊ म्हणाले, “मी सांगतो काय करायचं. जुने टीव्ही, फुटके फ्रीज, मिळेल ते गोळा करायचं आणि जमिनीवर मांडून ठेवायचं. सर्वेक्षणाला म्हणायचं, आता टांगत नाही, कंबर गेली. यंत्राला वाटेल, अरे बापरे, केवढं नुकसान!”

“आणि खरा पूर आला की खरंच टांगायचं नाही?”

“टांगायचं की. गुपचूप.”

“विसूभाऊ, आज आपण दहा फ्रीज मांडले तर उद्या मळेवाले वीस मांडतील. त्या खेळात आपण हरणार.” ती चालताना थांबली. “आपण खोटं काही करायचं नाही. त्यांच्याच पहिल्या नियमाने जायचं.”

समतोलचा पहिला नियम गावातल्या प्रत्येक फलकावर लिहिलेला होता: तळमजल्यावर माणूस आहे तोवर त्या बाजूची झडप उघडणार नाही. माणूस बाहेर पडला की पाल हिरवी होई आणि ते घर ‘रिकामं’ म्हणून मोजलं जाई. बाजारआळी सगळ्यांत लवकर रिकामी व्हायची. त्याचेही गुण होते.

त्या संध्याकाळी सगळी आळी रेडिजांच्या दुकानासमोर जमली. कुमुदने फळ्यावर लिहावं तसं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, “इशारा आला की सामान टांगायचं, दारं उघडायची, नेहमीसारखं सगळं करायचं. फक्त घर सोडायचं नाही. खाली बसायचं.”

“एकटी तू बसलीस तर पुरे ना?” कुणीतरी मागून म्हणालं.

“एक पाल बिघडली असं म्हणता येतं. आळीतल्या सगळ्या पाली एकदम कशा बिघडतील?” मग ती जरा हळू बोलली. “पण धोका ऐका. पाऊस अंदाजापेक्षा जास्त झाला तर पाणी बांधावरूनच येईल. मग कुणाचाच नियम चालणार नाही, पोटमाळ्यावर चढावं लागेल. मुलं शाळेत जातील. ज्याला शिडी चढता येत नाही तोही जाईल. ज्याला भीती वाटते त्यानेही जावं, त्याला कुणी बोल लावायचा नाही.”

“मी बसणार,” हसीनाआपा म्हणाल्या.

“आपा, तुम्हाला दम लागतो.”

“ओलीने लागतो गं. रागाने नाही लागत.”

*

इशारा ऑगस्टच्या उधाणाला आला. दुपारी भरती, आणि घाटमाथ्यावर आदल्या दिवसापासून पाऊस कोसळत होता. सकाळी शाळेत नेणाऱ्या बसगाड्या आळीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. मुलं आणि म्हातारी माणसं चढली. बाकी कुणी आलं नाही. चालक भोंगा वाजवून कंटाळले आणि निघून गेले.

थोड्याच वेळात अनघा आली. रेनकोटातून पाणी निथळत होतं. ओटीवरूनच ती ओरडली, “ताई, काय चाललंय हे? कक्षात सगळ्या पाली लाल दिसतायत!”

“लालच दिसायला हव्यात. माणसं आहेत आत.”

“तू बसलीस तर पाणी कुठे जाईल माहीत आहे ना?”

“मळ्यात.”

“माझ्या घरात!”

“माहीत आहे,” कुमुद म्हणाली. तिने दोर खाली ठेवला. “म्हणूनच आधी तुझ्याकडे येणार होते. किल्ली दे. आम्ही सगळं वर घेतो.”

“वा! माझ्या घरात पाणी घालणार आणि वर मदतही करणार!” अनघाचा आवाज फुटला. “तुला माझं एकच घर दिसतं का बुडवायला?”

“मला तुझं एकच घर माणसाचं दिसतं तिथे. बाकीची कुलपं आहेत. अनू, त्या मळ्यात शंभर वर्षं पाणी जात होतं. मग तिथे भर घातली, भिंत बांधली आणि पाणी आमच्यावर ढकललं. तू ढकललंस असं मी म्हणत नाही.”

“म्हणू नकोस. पण अर्थ तोच निघतो.”

“मग तू ये इथे आणि बस माझ्या जागी. मी शाळेत जाऊन भजी खाते.”

अनघा वळली आणि पावसात चालती झाली. रेनकोटाची टोपीही तिने डोक्यावर घेतली नाही. कुमुद बराच वेळ दारात उभी राहिली. आई गेल्यावर या मुलीला तिनेच वाढवलं होतं. शाळेच्या पहिल्या दिवशी तिची वेणी घातली होती ती याच उंबऱ्यावर बसून.

अर्ध्या तासाने फोन वाजला. पलीकडे कक्षातला गोंगाट होता.

“ताई.”

“बोल.”

“किल्ली मागच्या दाराशी कोरफडीच्या कुंडीखाली आहे.” जरा थांबून ती म्हणाली, “पुस्तकं आधी उचल. मग जहाजाचं ते मॉडेल. सोफा गेला तरी चालेल. त्याला तसाही वास येतो.”

*

बाजारआळीतली दहा-बारा माणसं विसूभाऊंच्या टेम्पोतून मळ्यात गेली. भिंतीच्या आत सगळं शांत होतं. रस्ते रुंद, बंगले पांढरे, प्रत्येकाला कुलूप. रखवालदार सकाळीच बसने गेला होता.

अनघाच्या घरात शिरल्यावर विसूभाऊंनी सवयीने वर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “अरे, हिच्या छताला काहीच नाही! टांगू कशाला, माझ्या शेंडीला?”

छत प्लास्टरचं होतं, गुळगुळीत, कोपऱ्यांत फुलं काढलेली. मग सगळं जिन्याने वर न्यायचं ठरलं. पुस्तकं माणसांच्या साखळीतून हातोहात गेली. जहाजाचं मॉडेल हसीनाआपांच्या मुलाने तान्ह्या बाळासारखं उचललं. फ्रीज वळणावर अडकला तेव्हा विसूभाऊंनी त्या जिन्याच्या आर्किटेक्टच्या सात पिढ्यांची आठवण काढली. सोफा मात्र वर नेला नाही. तो तसाच ठेवला. कुमुदने सिलिंडर जिन्याच्या कठड्याला बांधला, संडासात वाळूची पिशवी दाबली, मुख्य बटण बंद केलं. मग पेचकस घेऊन ती पुढच्या दाराच्या बिजागऱ्या सोडवायला लागली.

“दार काढताय?” कुणीतरी विचारलं.

“हिच्या भिंती बारीक आहेत. रेटा सोसायच्या नाहीत. पाण्याला दोन्हीकडून मोकळी वाट हवी.”

पुढचं दार निघालं, मागचंही निघालं. घरातून वारा आरपार वाहू लागला. निघताना कुमुदने एकदा आत वळून पाहिलं. बहिणीच्या आयुष्यभराच्या हट्टाचं घर, दोन्ही बाजूंनी उघडं. बरं वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिने काम नीट झालंय एवढीच खात्री करून घेतली.

*

दुपारी भरती चढू लागली. कुमुद आपल्या घरात पाटावर बसली, दाराच्या आत, पालीच्या बरोबर खाली. पुढचं दार उघडं होतं. समोरच्या घरात विसूभाऊ बसलेले दिसत होते, मांडी घालून, एखाद्या पंगतीला बसावं तसे. शेजारून हसीनाआपांचा धापा टाकत बोलण्याचा आवाज येत होता. त्या बहुधा पालीलाच काहीतरी सुनावत होत्या. आळीत पाणी नव्हतं, पण बांधाच्या पलीकडून नदीचा आवाज येत होता.

आळीच्या टोकाच्या कर्ण्यातून ढवणसाहेबांचा मऊ आवाज आला. “बाजारआळीतील नागरिकांना विनंती आहे. आपली सज्जता संपूर्ण गावाला आदर्श आहे. कृपया घरं रिकामी करावीत.”

“नाही करणार!” विसूभाऊ कर्ण्याकडे बघून ओरडले. मग त्यांनाच हसू आलं. दुसऱ्या घरातून तेच शब्द आले, मग तिसऱ्यातून, आणि बघता बघता ते आळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले. नाही करणार.

फोन वाजला. या वेळी कक्षात गोंगाट नव्हता. सगळे ऐकत असावेत.

“ताई, नदी धोक्याच्या रेषेवर आली,” अनघा म्हणाली. तिचा आवाज कामावरचा होता, सपाट. “साहेब म्हणतायत, बाजारआळीच्या पाली ओलीने बिघडल्या अशी नोंद कर. तशी नोंद केली की यंत्र आळी रिकामी धरेल आणि तुमची झडप उघडेल.”

“नोंद कुणाच्या नावाने होते?”

“माझ्या.”

कुमुदला पुष्कळ काही बोलता आलं असतं. लहानपणी मांडीवर घेतलेल्या बहिणीला कशाने गप्प करता येतं, कशाने रडवता येतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तिने त्यातलं काही काढलं नाही.

“अनू, तुझ्या पडद्यावर माझं घर कसं दिसतंय?”

“लाल.”

“मी आत आहे म्हणून दिसतंय. मी उठणार नाही. तुला दिसतंय तेवढंच लिही.”

पलीकडे ढवणसाहेब काहीतरी बोलले. शब्द कळले नाहीत. मग अनघाचा आवाज आला, फोनपासून जरा लांब, वळून बोलल्यासारखा.

“साहेब, पाली बिघडलेल्या नाहीत. त्यांना माणूस ओळखता येत नाही, फक्त माणूस आहे एवढं कळतं. मला मात्र ओळखता येतं. पहिल्या रांगेत दुसऱ्या घरात माझी बहीण आहे, तिसऱ्या घरात हसीनाआपा आहेत, त्यांनी मला मोदक वळायला शिकवलं. मी त्यांना रिकामं लिहिणार नाही. तुम्हाला लिहायचं तर या खुर्चीवर बसा आणि तुमच्या नावाने लिहा.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही.

नदीचा आवाज वाढला होता. शिडी किती पावलांवर आहे ते कुमुदने डोळ्यांनी मापलं. मग पलीकडच्या तीरावरून भोंगा वाजला, एक लांब आणि दोन आखूड. गेल्या दोन पावसाळ्यांत हा भोंगा फक्त आळीच्या बाजूने वाजला होता.

“उघडली,” अनघा म्हणाली. “मळ्याची.” आणि जरा वेळाने, अगदी लहान आवाजात, “ताई, पुस्तकं घेतलीस ना सगळी?”

“सगळी.”

“बरं.”

पाणी मळ्यात शिरलं तसतशी नदी उतरू लागली. बाजारआळीत फक्त गटारं तुंबून घोट्यापर्यंत पाणी आलं. ते पहिल्या पायरीपाशी थांबलं आणि ओहोटीबरोबर परत गेलं.

*

दोन दिवसांनी मळ्यातलं पाणी उतरलं. आळीतली माणसं फावडी, खराटे आणि घमेली घेऊन अनघाच्या घरी पोचली. चिखल काढण्यात त्यांचा हात धरणारं सावरखोलमध्ये कुणी नव्हतं. ओला असतानाच ओढायचा, वाळू द्यायचा नाही, भिंती वरून खाली धुवायच्या. आजूबाजूच्या बंगल्यांची दारं पाण्याच्या रेट्याने फुटून आत पडली होती. दोन ठिकाणी भिंतीच गेल्या होत्या. अनघाचं घर उभं होतं. सोफा मात्र कुजला होता, आणि त्याला उचलून बाहेर फेकताना अनघाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

ढवणसाहेब गुडघ्यापर्यंतचे बूट घालून नुकसानीची पाहणी करत फिरत होते. अनघाच्या दारात येऊन थांबले.

“पेवेकर, तुमची चौकशी लागणार आहे. मळ्याचे मालक पार वरपर्यंत पोचलेत.” मग कुमुदकडे वळून म्हणाले, “आणि मॅडम, तुम्हाला वाटत असेल तुम्ही जिंकलात. पण पुढच्या वर्षी हा पहिला नियम असाच राहील, असं समजू नका.”

कुमुदने खराटा भिंतीला टेकवला. “बदला की. ‘माणसं बसलेली असतील तिथेही पाणी सोडावं’ असं लिहा, खाली स्वतःची सही करा आणि फलकावर लावा. आम्ही वाचू. वाचून पुन्हा बसू.”

ती टेम्पोकडे वळली.

“विसूभाऊ, ती आणा हो.”

विसूभाऊंनी टेम्पोतून ढाल आणली. चिखलाच्या बोटांचे ठसे तिच्यावर उमटले होते. तरंगणारं घर अर्धं झाकलं गेलं होतं.

“ही फिरती आहे ना, साहेब?” कुमुद म्हणाली. “मग फिरू द्या. तीन वर्षं आमच्याकडे राहिली, पुष्कळ झालं. आणि पाणीही फिरू द्या. आमच्या वाटणीचं आम्ही घेऊ. सगळ्यांचं नाही घेणार.”

ढवणसाहेब ढाल काखेत धरून, बूट चिखलातून ओढत निघून गेले. बराच वेळ त्यांचा पचपच आवाज येत राहिला.

आत अनघा भिंतीपाशी उभी होती. तिने भिंतीवर पाण्याची रेषा जिथवर आली होती तिथे पेन्सिलीने खूण केली, शेजारी वर्ष लिहिलं. मग स्टुलावर चढून ती प्लास्टरच्या फुलांकडे पाहत राहिली.

“ताई, इथे कडी बसेल का गं? फ्रीजचं वजन धरेल अशी?”

“आधी ती फुलं फोडावी लागतील. वर स्लॅब सापडला तर धरेल.”

अनघाने हात खाली केला. “हातोडा दे.”